बेवडाचा हिशेब

ऑक्टोबर उजाडला की मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनच्या मळण्या उरकतात आणि त्याच रानात हरभऱ्याची पेरणी सुरू होते. सोयाबीनला पेरणीबरोबर हेक्टरी ६० ते ७५ किलो स्फुरद द्यावे अशी शिफारस आहे, आणि साडेतीन-चार महिन्यांनी येणाऱ्या हरभऱ्याला पुन्हा ५० किलोची. हे आकडे कृषी विद्यापीठांनी प्रयोग करून काढलेले आहेत आणि ज्या पिकासाठी काढले त्या पिकापुरते ते योग्यही आहेत. पण शेतात पिके एकामागून एक येतात, माती तीच राहते, आणि पहिल्या पिकाला घातलेले सगळे खत त्या पिकाबरोबर खळ्यावर जात नाही. पिकामागे जमिनीत जे राहते तो बेवड. कोणत्या पिकाचा बेवड कोणाला मानवतो, हे पाहून शेतकरी पिढ्यान् पिढ्या फेरपालट ठरवत आला आहे. खताची पोती मोजताना मात्र हा बेवड विसरला जातो. माझे म्हणणे असे की खताचा हिशेब एकेका पिकाचा न करता सगळ्या फेरपालटाचा करावा. तसा तो केला, तर भरपूर खत घेणाऱ्या पिकामागची जागा शेंगवर्गीय पिकाला शोभते. त्या जागी त्याला फायदा होतो तो उरलेल्या स्फुरदाचा, उरलेल्या नत्राचा नव्हे. हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर चांगली कल्पनाही नुकसान करते.

आधी साधे गणित मांडू. सोयाबीनच्या दाण्यात फॉस्फरसचे प्रमाण साधारण ०.६ टक्के असते. हेक्टरी २० क्विंटल उत्पादन धरले तर दाण्यांवाटे १२ किलो फॉस्फरस शेताबाहेर जातो. खताच्या पोत्यावर स्फुरद ज्या रूपात मोजतात, त्या रूपात तो २७-२८ किलो भरतो. दिले ७५, गेले २८. भुसकटही बाहेर नेले तर आणखी थोडे जाते, तरी चाळीसेक किलो स्फुरद मागे राहते. हरभऱ्याच्या दाण्यात फॉस्फरस ०.३५ ते ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे २० क्विंटल हरभऱ्याबरोबर १६ ते १८ किलो स्फुरद जाणार. सोयाबीनमागे जेवढे उरले, त्याच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. तरीही हरभऱ्याला नव्याने ५० किलो दिले, तर वर्षभरात १२५ किलो घालून पंचेचाळीस-पन्नास किलोच बाहेर काढले असे होते. कोरडवाहू रानात उत्पादन याहून बरेच कमी येते, त्यामुळे तिथे मागे राहणारा वाटा आणखी मोठा. अर्थात हे गणित शिफारशीएवढे खत खरोखर घालणाऱ्या शेताचे आहे. ज्याने सोयाबीनला खतच दिले नाही, त्याच्याकडे बेवड कुठून असणार? त्या मुद्द्याकडे पुढे यावे लागेल, कारण या विषयातला सर्वांत गंभीर आक्षेप तिथेच आहे.

जाणकार वाचक म्हणेल, स्फुरद मागे राहिले तरी ते जमिनीत अडकून बसते, मग त्याचा उपयोग काय? आक्षेप रसायनशास्त्राला धरून आहे. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत विद्राव्य स्फुरद कॅल्शियमशी जोडले जाऊन कमी विरघळणाऱ्या रूपात जाते, आणि कोकणातल्या जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. म्हणूनच स्फुरदयुक्त खताचा पहिल्या हंगामात पिकाला होणारा उपयोग साधारण १५ ते २० टक्के सांगितला जातो. पण हाच आकडा वरच्या गणिताशेजारी ठेवून पाहा. ७५ किलोंपैकी २० टक्के, म्हणजे फार तर १५ किलो, या वर्षीच्या खतातून आले. सोयाबीनने दाण्यात भरले २८ किलो. उरलेले १३ किलो आले कुठून? ते आले जमिनीत आधीपासून असलेल्या साठ्यातून, आणि नियमित खत पडणाऱ्या शेतात त्या साठ्याचा मोठा भाग मागच्या वर्षांच्या खताचाच असतो. म्हणजे ‘अडकलेल्या’ स्फुरदावर आपली पिके आजही जगत आहेत. ते कायमचे बंद झालेले नसते. मातीच्या द्रावणातले स्फुरद मुळांनी उचलले की कणांना चिकटलेले थोडे थोडे सुटून त्याची जागा घेत राहते. वेग कमी असतो, पण क्रिया थांबत नाही.

याचा सर्वांत दीर्घ पुरावा इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मिळतो. तिथल्या एका शेताच्या काही तुकड्यांना १८५६ पासून १९०१ पर्यंत स्फुरद, पालाश किंवा शेणखत दिले गेले, शेजारच्या तुकड्यांना काहीच नाही. १९०२ पासून ही खते बंद केली आणि पिके मात्र चालू ठेवली. पुढे या शेताचे नावच ‘एक्झॉशन लँड’ पडले. खत बंद होऊन अर्धशतक उलटल्यावरही पूर्वी खत मिळालेल्या तुकड्यांमधली बार्ली शेजारच्या तुकड्यांपेक्षा सरस येत होती. सायर्स, जॉन्स्टन आणि कर्टिन या शास्त्रज्ञांनी २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेसाठी अशा दीर्घकालीन प्रयोगांचा आढावा घेतला. स्फुरदाची कार्यक्षमता एका हंगामात न मोजता अनेक वर्षांच्या जमाखर्चातून मोजली, तर ती पुष्कळदा ९० टक्क्यांपर्यंत जाते असे त्यांनी दाखवले. इंग्लंडची थंड, ओलसर माती आणि दख्खनची काळी माती यांत फरक आहे, म्हणून तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिलेले स्फुरद एका हंगामात संपते हा समज या प्रयोगांपुढे टिकत नाही, आणि माझ्या युक्तिवादाला तेवढा आधार पुरेसा आहे.

मग उरलेल्या स्फुरदावर शेंगवर्गीय पीकच का घ्यायचे? गहू किंवा ज्वारीही चालली असती. इथे मुळांच्या स्वभावाचा प्रश्न येतो. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवून दिले की द्विदल पिके मुळांवरच्या गाठींमधील जिवाणूंच्या मदतीने हवेतले नत्र वापरतात. १८८८ मध्ये बेयरिंकने तो जिवाणू वेगळा काढला. नत्राची ही सोय सर्वांना माहीत आहे. तिचा मातीवर होणारा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. ज्या पिकाला नत्र नायट्रेटच्या रूपात मातीतून घ्यावे लागते, त्याच्या मुळाशी आम्लता सहसा वाढत नाही, उलट थोडी घटते. हवेतले नत्र वापरणारे पीक कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम असे धनभारित घटक ऋणभारित घटकांपेक्षा जास्त उचलते आणि तोल सांभाळण्यासाठी मुळांतून आम्ल बाहेर टाकते. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमशी बांधलेले स्फुरद विरघळवायला नेमके हेच लागते. हरभरा याहून पुढे जातो. त्याची मुळे मॅलोनिक, मॅलिक, सायट्रिक अशी सेंद्रिय आम्ले मोठ्या प्रमाणात सोडतात आणि अडकलेले स्फुरद मोकळे करतात. सामू ८ च्या पुढे गेलेल्या काळ्या जमिनीत हरभरा तग धरतो, त्यामागे हेही एक कारण आहे. गव्हाच्या मुळांत ही ताकद फार कमी असते.

तुरीची गोष्ट तर खास हैदराबादजवळच्या पाटणचेरूची, म्हणजे आपल्याच शेजारची. तिथल्या इक्रिसॅट या संस्थेत नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम १९९० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. लाल जमिनीत लोहाला बांधलेले स्फुरद इतर पिकांना जवळजवळ वापरता येत नाही, तुरीला मात्र येते, असे त्यांना आढळले. तुरीच्या मुळांतून निघणारी पिसिडिक आम्लासारखी द्रव्ये लोहाला धरतात आणि स्फुरद सुटते. हेच काम एक इशाराही देते. सगळी शेंगवर्गीय पिके या बाबतीत सारखी नाहीत. लोहबद्ध स्फुरद काढण्यात सोयाबीन तुरीच्या जवळपासही येत नाही. त्यामुळे ‘द्विदल आहे, उरलेल्यावर भागेल’ असे सरसकट म्हणता येत नाही. काळ्या रानात हरभरा, लाल-मुरमाड रानात तूर, अशी निवड जमिनीत स्फुरद कोणाशी बांधले गेले आहे ते पाहून व्हायला हवी. या पिकांना स्फुरदाची गरजही कमी नसते. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याचे किमान १६ रेणू खर्ची पडतात, आणि एटीपीचा कणाच स्फुरदाचा. गाठींमध्ये स्फुरद कमी पडले की नत्रही कमी पडते.

उरलेल्या नत्राकडे वळले की चित्र उलटे होते. ऊस, मका, बटाटा, कांदा, फुलकोबी अशा पिकांमागे जमिनीत नायट्रेट शिल्लक असेल, तर द्विदल पीक ते आधी उचलते आणि गाठी धरायचे काम मागे टाकते. मातीत नायट्रेट जास्त असले की गाठी कमी येतात, आलेल्या आळशी राहतात. त्यावर हरभरा घेतला तर तो काळपट हिरवा, दाट, उंच माजतो, पाहणाऱ्याचे मन भरते, पण फुले उशिरा येतात आणि घाटे अपेक्षेएवढे लागत नाहीत. दाट पिकात घाटेअळीला लपायला जागा मिळते हा आणखी एक तोटा. तेव्हा उरलेल्या नत्रावर डाळ पिकवणे म्हणजे हवेतून फुकट मिळणारे सोडून जमिनीतले विकतचे खर्च करणे. त्या नत्रावर ज्वारी, गहू, मका, चाऱ्याची पिके हक्काने घ्यावीत. एक बाजू मात्र मांडायला हवी. ते नायट्रेट पाण्याबरोबर झिरपून विहिरीत जाणार असेल, तर ते कोणत्याही पिकाने, अगदी द्विदलानेही, उचललेले बरे. पण त्याला फार तर गळती थांबवणे म्हणता येईल. त्यातून द्विदलाचा लाभ पदरात पडत नाही.

उसामागचे शेंगवर्गीय पीक या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्र आणि १७० किलो स्फुरद व तेवढेच पालाश. नंतरच्या खोडव्यालाही खत पडते. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे खोडवा मोडून सोयाबीन किंवा भुईमूग घेण्याची रीत आहे, आणि पुढे पुन्हा उसाची लागण. पाचट जाळले नाही आणि जमिनीत मिसळले, तर ते कुजवणारे जीव मातीतले मोकळे नत्र स्वतःसाठी धरून ठेवतात, कारण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे. एकदल पीक अशा वेळी पिवळे पडते. द्विदलाला हीच परिस्थिती अनुकूल, कारण नायट्रेट कमी म्हणून गाठी जोमदार, आणि स्फुरदाचा साठा हाताशी. पण उसाचे शेत आणखी काही गोष्टी मागे ठेवते. उसात वापरलेल्या अट्राझिनसारख्या तणनाशकाचा अंश, विशेषतः सामू जास्त असलेल्या जमिनीत, महिनोन् महिने टिकू शकतो आणि द्विदलाची रोपे त्याने करपतात. जास्त पाण्याने क्षारपड झालेल्या रानात तर हरभरा नकोच. क्षार सोसण्यात तो फारच कच्चा आहे.

उरलेल्या खतावर डाळ घेण्याचा चांगला नमुना पंजाबात आहे. तिथे बटाट्याला भरपूर खत मिळते, पीक तीन-साडेतीन महिन्यांत निघते, मुळे उथळ असतात, साहजिकच बरेच मागे राहते. त्यानंतर मार्चमध्ये उन्हाळी मूग पेरतात. बटाट्याला शिफारशीप्रमाणे खत दिलेले असेल तर या मुगाला वेगळे खत देऊ नये, असे लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ सांगते. बटाट्यामागे नत्रही उरते, मग मूग कसा चालतो? साठ-पासष्ट दिवसांचे पीक, वर पंजाबच्या वैशाखातले ऊन, आणि शेंगा तोडल्यावर हिरवा पाला भातापूर्वी जमिनीत गाडण्याची पद्धत. उचललेले नत्र त्या पाल्यातून पुन्हा जमिनीतच जाते. याच विद्यापीठाची गहू-भाताबद्दलची शिफारसही विचारपूर्वक केलेली आहे. स्फुरद गव्हाला द्या. गव्हाला पुरेसे दिले असेल तर पुढच्या भाताला बहुधा देण्याची गरज नाही. भाताच्या चिखलात हवा संपते, लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरलेले स्फुरद आपोआप मोकळे होते.

हीच क्रिया उलट दिशेने पाहिली की कोकण, गोवा आणि पूर्व विदर्भासाठी महत्त्वाचा अपवाद हाती येतो. रायगड-रत्नागिरीत भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, चवळी, कुळीथ घेतात, गोव्यात आळसांदे होतात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे उभ्या भातातच लाखोळी फोकून देतात. ओलीच्या दृष्टीने ही पद्धत अत्यंत काटकसरीची आहे. पण पाणी ओसरून चिखल वाळू लागला की लोह पुन्हा हवेशी संयोग पावते आणि स्फुरदाला आधीपेक्षाही घट्ट धरते. म्हणून भाताला दिलेल्या स्फुरदाचा बेवड पुढच्या कडधान्याला सोयाबीनमागच्या हरभऱ्याइतका मिळत नाही. इथे कडधान्याला पेरणीबरोबर थोडे स्फुरद बियाण्याजवळ देणे, किंवा दोन्ही पिकांत मिळून जे द्यायचे त्यातला मोठा वाटा भातातून काढून त्याला देणे, जास्त शहाणपणाचे. फेरपालटाचा हिशेब करायचा म्हणजे मागच्या पिकाचे उरलेले पुढच्याला ढकलायचे, एवढा सोपा अर्थ त्याला नाही. कोणत्या पिकाच्या वेळी दिलेले खत दोघांनाही पुरेल हा त्यातला खरा प्रश्न आहे.

कोरडवाहू हरभऱ्याबद्दल मराठवाड्यातला शेतकरी एक शंका काढेल, आणि ती अगदी रास्त आहे. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही, मुळाच्या अगदी लगतचे तेवढेच मुळाला मिळते. मागचे उरलेले स्फुरद बहुतेक वरच्या पंधरा सेंटीमीटरांत असते. रब्बीत पाऊस नसतो, डिसेंबर येईतो हा वरचा थर सुकतो आणि पिकाची मुळे ओलीमागे खाली जातात. स्फुरद वर, ओल खाली. मग तो साठा असून नसल्यासारखा. याला उत्तर आहे, पण ते थोडे खर्चाचे. अशा रानात खत पूर्ण बंद करू नये. शिफारशीतला काही भाग दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली, ओलीच्या थरात पेरावा. फोकून दिलेल्या खताला इथे काही अर्थ नाही. एखादे संरक्षित पाणी फुलोऱ्यात देता आले तर वरचा थर पुन्हा जिवंत होतो आणि साठा उपयोगी पडतो. हरभऱ्याच्या खतात मोठी काटछाट करायचा अधिकार आधी ओलिताच्या शेताला मिळतो, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

आता तो गंभीर आक्षेप. आपल्या देशात कडधान्यांना नेहमीच उरलेसुरले मिळाले. चांगली जमीन आणि पाणी नगदी पिकाला, माळरान तुरीला, पालापाचोळ्यावर कुळीथ. डाळींची उत्पादकता मागे राहिली, डाळ वर्षानुवर्षे परदेशातून आणावी लागली, त्यात या दुर्लक्षाचा वाटा मोठा आहे. मग ‘कडधान्य उरलेल्या खतावर घ्या’ हा सल्ला त्याच दुर्लक्षाला शास्त्राचा मुलामा देणारा नाही का? माझ्या मते हा आक्षेप टाळता येत नाही, त्याच्यातून वाट काढावी लागते. उरलेल्या खताचा आधार फक्त तिथेच घेता येतो जिथे काही उरलेले आहे, आणि ते मातीच्या परीक्षणातून दिसले पाहिजे. चुनखडीच्या जमिनीतले उपलब्ध स्फुरद ऑल्सेनच्या पद्धतीने मोजतात. सर्वसाधारणपणे हेक्टरी १० किलोंपेक्षा कमी फॉस्फरस निघाला तर जमीन कमी, १० ते २५ मध्यम, २५ च्या वर जास्त समजली जाते. दहाच्या खालच्या जमिनीत कडधान्याला पूर्ण मात्रा द्यायलाच हवी, शक्य असेल तर थोडी जास्तही. बेवडाच्या नावाखाली तिथे खत वाचवणे म्हणजे जमीन उपसणे होय. आणि वाचलेल्या पैशाचे काय करायचे हेही ठरलेले असावे. चांगले बियाणे, मर रोगाला दाद न देणारा वाण, बीजप्रक्रिया, एखादे पाणी, यांवर तो खर्च झाला तर कडधान्याकडे दुर्लक्ष झाले असे कोण म्हणेल?

बीजप्रक्रियेचा उल्लेख सहज आला, पण सोयाबीन-हरभरा या जोडीत तो फार महत्त्वाचा आहे. पुष्कळांना वाटते की सोयाबीनमुळे गाठींचे जिवाणू जमिनीत आहेतच, हरभऱ्याला तेच चालतील. तसे होत नाही. सोयाबीनच्या गाठी ब्रॅडीरायझोबियम बनवतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतो. एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम योग्य जिवाणूसंवर्धक चोळण्याचा खर्च खताच्या एका पोत्याच्या तुलनेत नगण्य असतो. ते लागू पडले की नाही हेही शेतातच कळते. पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी दोन-चार झाडे मातीसकट अलगद खणून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-तांबूस दिसली तर ती नत्र पकडते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. शिवाय ही जोडी द्विदलावर द्विदल अशी आहे, तेव्हा तिला पूर्ण अर्थाने फेरपालट म्हणता येणार नाही. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकते, म्हणून त्याच रानात दरवर्षी हरभरा येऊ नये. दोन-तीन वर्षांतून एकदा ज्वारी किंवा मका मध्ये आणला तर रोगाचा जोर कमी होतो आणि साचलेले नत्रही कारणी लागते.

हरभरा निघाल्यावर पुढच्या पिकाच्या खात्यावर नत्र किती जमा धरायचे, याबद्दल फार उदार दावे ऐकू येतात. हरभऱ्याच्या दाण्यात प्रथिने २० ते २२ टक्के धरली तर २० क्विंटल दाण्यांबरोबर ६४ ते ७० किलो नत्र शेताबाहेर जाते. पिकाने हवेतून पकडलेले नत्र बहुधा याच्याच आगेमागे असते. झाडे मुळासकट उपटून खळ्यावर नेली आणि कुटार जनावरांना घातले, तर जमिनीत राहतो तो गळलेला पाला आणि तुटलेली मुळे. पुढच्या एकदल पिकाला हेक्टरी ३० ते ४० किलो नत्राएवढा लाभ होतो असे जे सांगतात, ते पाला आणि मुळे जागेवर राहिली तर खरे ठरू शकते. त्यातला काही भागही असा असतो की हरभऱ्याने मातीतले नत्र कमी उचलले म्हणून ते शिल्लक राहिले. लाभ खरा आहे, पण झाडे विळ्याने बुडख्याजवळ कापायची की उपटायची, एवढ्या साध्या गोष्टीवर तो कमी-जास्त होतो. उपटण्याऐवजी कापणे आणि कुटार खाल्लेल्या जनावरांचे शेण त्याच रानात परत येणे, हे दोन्ही फेरपालटाच्या हिशेबातलेच भाग आहेत.

हा हिशेब करण्याचे साधन शास्त्राकडे नाही असेही नाही. १९६७ साली राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरावीक उत्पादनासाठी मातीच्या परीक्षणावरून खताची मात्रा काढण्याची पद्धत भारतात मांडली. पुढे तिच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही आले. या पद्धतीत पहिल्या पिकाला दिलेले खत आणि त्याचे उत्पादन यांवरून काढणीनंतर जमिनीत काय उरेल याचा अंदाजही समीकरणाने काढता येतो, म्हणजे दुसऱ्या पिकाची मात्रा ठरवायला नव्याने माती तपासायची गरज राहत नाही. सोयाबीन आणि हरभऱ्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. एवढ्या वेळात नमुना प्रयोगशाळेतून परत येणे कठीण, तेव्हा ही सोय मोलाची आहे. २०१५ पासून मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका मात्र अजून पिकागणिक मात्रा सांगते. तिच्यात ‘मागचे पीक, त्याला दिलेले खत, त्याचे उत्पादन’ अशा तीन नोंदींना जागा मिळाली आणि त्यावरून पुढच्या पिकाची मात्रा निघाली, तर हा सगळा विचार संशोधनाच्या अहवालांतून शेताच्या बांधापर्यंत येईल. हे केवळ शेतकऱ्याच्या खिशापुरते नाही. फॉस्फेट खडक आणि फॉस्फोरिक आम्ल यांसाठी आपण बाहेरच्या देशांवर अवलंबून आहोत, जगातला ज्ञात साठा प्रामुख्याने मोरोक्कोकडे आहे, आणि २०२१ मध्ये चीनने निर्यात आवळल्यावर रब्बीच्या तोंडावर डीएपीसाठी रांगा लागल्या. जे जमिनीत आधीच आहे ते न मोजता पुन्हा आयात करणे परवडणारे नाही.

समीकरणांची वाट न पाहता शेतकऱ्याला आपल्या रानात हे स्वतः पडताळता येते. स्फुरद मध्यम किंवा जास्त दाखवणाऱ्या शेतात हरभऱ्याचे तीन सलग पट्टे आखावेत. एकाला पूर्ण मात्रा, दुसऱ्याला निम्मी, आणि तिसऱ्याला स्फुरद अजिबात नाही. बियाणे, वाण, पाणी, बीजप्रक्रिया तिन्हींना सारखी. पट्टे शेताच्या चढापासून उतारापर्यंत लांब असावेत, नाहीतर मातीच्या खोलीचा फरक खताचा फरक म्हणून दिसेल. डोळ्यांच्या अंदाजावर निवाडा करू नये. पूर्ण खताचा पट्टा सुरुवातीला जास्त हिरवागार दिसण्याचा संभव आहे, आणि डीएपी दिले असेल तर त्यातल्या १८ टक्के नत्रामुळे तर नक्कीच. म्हणून बिनस्फुरदाच्या पट्ट्याला तेवढेच नत्र युरियातून द्यावे. मळणी पट्टेवार वेगळी करून दाणे वजनावर तोलावेत. निम्म्या मात्रेचा आणि पूर्ण मात्रेचा पट्टा बरोबरीत आला, तर पुढच्या वर्षी त्या रानात निम्मे स्फुरद पुरे. तिसरा पट्टाही बरोबरीत आला, तरी एका वर्षाच्या निकालावर खत कायमचे बंद करू नये. पावसाचे एक वर्ष आणि ओढीचे एक वर्ष असे दोन्ही निकाल हाती येऊ द्यावेत, आणि तीन वर्षांनी माती पुन्हा तपासून उपलब्ध स्फुरदाचा आकडा घसरतो आहे की जागेवर आहे ते पाहावे. घसरत असेल तर सोयाबीनच्या मात्रेत ती भरपाई करायची, हरभऱ्याच्या नाही. खरिपात वरच्या थरात ओल असते आणि तिथे दिलेले स्फुरद दोन्ही पिकांना मिळते.